बॅटरीच्या गाडीतून कोची

डॉक्टरांनी सांगितलं ते अपेक्षाने उभ्या उभ्याच ऐकलं. बसा म्हणाले होते, पण ती बसली नाही. मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलले आणि शेजारच्या तरुण डॉक्टरणीने ते हिंदीत सांगितलं. "नस सूख गई है. दोनों आँखों की. ऑपरेशन से कुछ नहीं होगा, चश्मे से भी नहीं." मग तिने एका कागदावर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि कागद फायलीत घातला. "उनको धीरे से समझाइए," ती म्हणाली. तेवढ्यात पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

नितेश बाहेरच्या बाकावर बसला होता. डोळ्यांत टाकलेलं औषध ओघळून गालावर आलं होतं आणि ते त्याने पुसलंही नव्हतं. तिच्या चपलांचा आवाज ओळखून त्याने मान वर केली.

"काय म्हने डाक्टर?"

"तीन महिन्यानं या म्हने," अपेक्षा म्हणाली. "मंग ऑपरेशनचं पाहू म्हने."

हे कसं तोंडातून गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. खरं बोलायचं म्हणूनच तिने तोंड उघडलं होतं. पण नितेशचा चेहरा असा काही खुलला की खरं सांगायचं राहूनच गेलं. ऑगस्टपासून तो असा हसला नव्हता.

ऑगस्टात काय झालं ते सांगायला हवं. नितेशची अमरावतीजवळच्या वलगावला पाच एकर जमीन, सगळी काळी. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्याही वर गेली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणी करायची म्हणजे नळी वर धरावी लागे आणि मारलेलं औषध वाऱ्याने परत तोंडावर येई. बोंडअळीसाठी कृषी केंद्रवाल्याने दोन औषधं एकत्र करायला सांगितली होती. बादलीत ती कालवून अपेक्षानेच पंप भरून दिला होता. दुपारी नितेश घरी आला. डोकं जड झालंय, वारा उलटा आहे, राहिलेलं उद्या मारतो, असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी अपेक्षाच्या भावाचा साखरपुडा होता, अचलपूरला. तिने साड्या काढून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "आजच उरकून टाका ना. उद्या कवा मारसान?" तो पाणी पिऊन परत वावरात गेला.

संध्याकाळी देवमनने, म्हणजे नितेशच्या चुलतभावाने, त्याला बैलगाडीत घालून आणलं. अमरावतीच्या दवाखान्यात अठरा दिवस गेले. त्याच्या शेजारच्या दोन खाटांवरची माणसं घरी परत गेली नाहीत. नितेश वाचला. पण आधी त्याला सगळं धुरातून दिसावं तसं दिसू लागलं, आणि दसऱ्यापर्यंत तेही गेलं. अकोल्याचे डोळ्यांचे डॉक्टर कोचीच्या या मोठ्या दवाखान्यात शिकले होते. त्यांनी चिठ्ठी दिली, म्हणाले, एकदा त्यांना दाखवा. सासूबाई पार्वताबाईंकडे दोन वर्षांची गुड्डी ठेवून दोघं नागपूरहून गाडीत बसली होती. नोव्हेंबर लागला होता.

त्या दिवशी कशाची घाई होती, हे नितेशने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिनेही नाही. दवाखान्यात विचारणाऱ्यांना दोघंही म्हणायची, वारा उलटला.

"गाडी किती वाजता हाय?" नितेशने विचारलं.

"संध्याकाळी."

"मंग आता बसून काय करतं? चाल, समुद्र पाहू." तो उभाच राहिला. "लग्न झालं तवा म्हटलं होतं तुले, समुद्र दाखवीन म्हणून. दाखवला का? आज तू पाह्य अन् मले सांग. फेब्रुवारीत आलो का मी पाहीन."

दवाखान्याच्या दारातल्या माणसाने सांगितलं, बोटीने पलीकडे जा, तिथे जुनं गाव आहे, फोर्ट कोची म्हणतात, सगळे पाहुणे तिथंच जातात. बोट मोठी होती, एसटीसारखी भरलेली. नितेशने कठडा धरला होता आणि वाऱ्याकडे तोंड केलं होतं.

"निळा हाय का?"

अपेक्षाने पाहिलं. पाणी मातकट होतं, त्यावर हिरवी जलपर्णी वाहत चालली होती. लांब मोठमोठी जहाजं उभी होती, गंजलेली.

"आपल्या पेढी नदीले पूर आल्यावानी दिसते," ती म्हणाली. "निळा नाई."

"हात् तिच्या!" तो हसला. "एवढ्या दूर येऊन पेढीच पाह्याची होती का मंग?"

तो हसला म्हणून समोरची दोन माणसंही हसली. अपेक्षाने फाईल छातीशी घट्ट धरली.

पलीकडे धक्क्याबाहेर बॅटरीच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. सहा सीटांच्या, दारं नसलेल्या, वर कापडी छत. एका गाडीशी पन्नाशीची एक बाई उभी होती. डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीने अडकवलेला छोटा माईक. दोन तासांत सगळं जुनं गाव दाखवते, हिंदीत सांगते, असं ती ओरडत होती. नितेश आणि अपेक्षा आपसात बोलताना तिने ऐकलं आणि ती एकदम मराठीत आली.

"महाराष्ट्र? कुठून?"

"अमरावती," नितेश म्हणाला.

"मी भुसावळ! सहा साल. माझा नवरा रेल्वेत होता. मी सेलीन." तिचं मराठी तुटकं होतं, पण तिला मराठी बोलायला मिळाल्याचा आनंद तिच्या हातवाऱ्यांत दिसत होता. "बसा, बसा. आज पाहुणे कमी. तुम्ही दोघंच. आराम से."

दोघं बसली. नितेश वाट पाहत राहिला. मग म्हणाला, "चालू करा ना गाडी."

"चालली ना!" सेलीन म्हणाली. "इसका आवाज नहीं होता."

नितेशने हात बाहेर काढून वारा हाताला लागू दिला. "खरंच की," तो म्हणाला. "हे तं भुतावानी चालते."

पहिल्याच वळणावर सेलीन सवयीने म्हणाली, "लेफ्ट साइड देखो." कोणत्या साहेबाचा बंगला, किती सालचा, ते सांगू लागली. मग तिने आरशात पाहिलं. नितेश उजवीकडे तोंड करून बसला होता. तिने गाडी हळू केली आणि अपेक्षाकडे पाहिलं. अपेक्षाने मान हलवली. त्यानंतर सेलीनने 'देखो' म्हणणं सोडलं. "डावीकडे मोठं झाड आहे," ती सांगू लागली, "एवढं मोठं की चारी बाजूचे रस्ते त्याच्या सावलीत."

पहिला थांबा चिनी जाळ्यांचा होता. किनाऱ्यावर ओळीने ती उभी होती. सेलीनने शेकडो वर्षांचा इतिहास सांगितला, चीनचे व्यापारी, मिरी, राजे. नितेशने अपेक्षाच्या हाताला हलकासा धक्का दिला. "ते राहू दे. तू सांग. कशी हायत जाळी?"

अपेक्षाने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तिला आपोआप शब्द सापडत गेले. लग्नाच्या मांडवाएवढी एकेक जाळी आहे, म्हणाली. चार कोपरे चार वाकड्या लाकडांना बांधले आहेत. मागच्या अंगाला दोरांना मोठाले दगड लोंबकळत आहेत, वजनाला. पाच-सहा माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात आणि जाळी पाण्यातून वर येते.

"आता वर येऊन राहिली," ती म्हणाली. "पाणी गळून राहिलं तिच्यातून."

"मासे किती हायत?"

अपेक्षा टाचा उंचावून पाहू लागली. एवढ्या मोठ्या जाळीच्या मधोमध मूठ-दोन मूठ काहीतरी चमकत होतं. एक म्हातारा ते टोपलीत भरत होता.

"दोन ओंजळी असतीन."

"बस? अन् सहा माणसं?" नितेश मनापासून हसला. "आपल्यासारखेच हायत बाप्पा हे बी!"

सेलीनही हसली. मग नितेशने स्वतःहूनच तिला सांगितलं, डोळ्यांसाठी आलोय, औषध फवारताना गेले, फेब्रुवारीत ऑपरेशन आहे. दवाखान्याचं नाव ऐकून सेलीनने टाळी वाजवली.

"मेरी बहन की बेटी उधर काउंटर पे है! कागद दाखवा. मी फोनवर तारीख पक्की करून देते, तुम्हाला लाइन नको. इतक्या दुरून येता."

अपेक्षाने फाईल मागे ओढली. "राहू द्या ना. आमी करू मंग."

"दे ना," नितेश म्हणाला. "काहून नाई म्हनतं? बाई एवढं करून राहिल्या." त्याने हात लांब करून चाचपडत अपेक्षाच्या मांडीवरची फाईल घेतली आणि आवाजाच्या दिशेने पुढे धरली.

सेलीनने चष्मा लावला. वरचाच कागद होता. ती वाचत असताना फोन तिच्या दुसऱ्या हातात तसाच राहिला. वाचून झाल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिने अपेक्षाकडे पाहिलं. अपेक्षा जाळ्यांकडे पाहत होती, पण तिला काहीच दिसत नव्हतं.

"कोणती तारीख हाय?" नितेशने विचारलं.

"तारीख लिहिली नाही," सेलीन म्हणाली.

"आँ?"

"नाही लिहिली." तिने फाईल बंद करून अपेक्षाच्या हातात दिली आणि गाडी चालू केली.

तिथून चर्च फार लांब नव्हतं. जुनं, उंच, पिवळट भिंतींचं. आत लाकडी बाकांच्या ओळी होत्या आणि जमिनीत एक दगड, भोवती कठडा. वास्को द गामा नावाचा दर्यावर्दी इथे पुरला होता, सेलीन सांगू लागली. पोर्तुगालहून आलेला. चौदा वर्षांनी त्याची हाडं उकरून परत त्याच्या देशात नेली. इथे नुसती जागा राहिली.

"मंजे रिकामी कबर दाखवून राहिले तुमी?" नितेश म्हणाला. तो चांगलाच रंगात आला होता.

सेलीनने त्याला मागच्या बाकावर बसवलं, पंख्याखाली. जरा आराम कर, म्हणाली, मी तुझ्या बायकोला बाहेर पाणी देते. बाहेर झाडाखाली नळ होता. पण पाणी कोणीच प्यायलं नाही.

"मी खोटं नाही बोलले," सेलीन म्हणाली. "तारीख खरंच लिहिली नाही. पण तो अजून एकदा विचारील, तेव्हा मी बोलणार नाही."

"सांगणारच हाय मी," अपेक्षा म्हणाली. "घरी गेल्यावर."

"घरी?" सेलीनने टोपी काढली. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. "माझ्या नवऱ्याला घशाचा कॅन्सर होता. भुसावळला. डॉक्टर मला बोलला, त्याला नाही. मी सांगितलं नाही. चार महिने. त्याला इथे यायचं होतं, रोज म्हणायचा, सुट्टी घेतो, गावी जाऊ, समुद्रावर. मी म्हणायची, बरं वाटलं की जाऊ." ती थांबली. "त्याला माहीत असतं तर तो त्याच दिवशी गाडीत बसला असता. तिकडेच गेला तो, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मी त्याचे चार महिने खाल्ले."

तिने टोपी परत घातली. "मी गाडीत आहे," म्हणाली आणि निघून गेली.

अपेक्षा आत आली. चर्चमध्ये कोणी नव्हतं. नितेश हाताने पुढच्या बाकाचं लाकूड चाचपत होता. सागवान आहे, म्हणाला, चांगलं जुनं. ती त्याच्या शेजारी बसली. पंख्याचा कुरकुर आवाज येत होता.

"तीन महिन्याचं मीच म्हटलं," ती म्हणाली. "डाक्टर तसं नाई बोलले."

त्याचा हात लाकडावर थांबला.

"नस सुकली म्हने. दोन्ही डोळ्यायची. ऑपरेशन नाई, चष्मा नाई. काई नाई."

त्याने हात लाकडावरून काढून मांडीवर ठेवला. मग त्याने विचारलं, "कवा सांगतलं?"

"सकाळी. तुमी बाकावर होते तवा."

"मंजे बोटीत..."

"हाव."

"जाळ्यापाशी..."

"हाव."

"त्या बाईले मी फेब्रुवारी फेब्रुवारी करून राहिलो होतो, तवा तुले मालूम होतं."

"हाव."

"तिले बी मालूम हाय?"

"कागद वाचला तिनं."

त्याने मान खाली घातली. अपेक्षाला वाटलं, आता एवढं बोललेच आहे तर दुसरंही बोलावं, नाहीतर ते आयुष्यभर निघणार नाही.

"अन् त्या दिवशी तुमी उद्या मारतो म्हनत होते. आजच उरका, मी म्हटलं. साखरपुड्याले जायचं होतं म्हणून."

नितेश उठला, बाकांच्या कडा धरत धरत मधल्या वाटेवर आला. तिने दंडाला धरलं तसा त्याने दंड सोडवून घेतला.

"मले येड्यावानी हासवत नेलं गावभर," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "आंधळ्याले फिरवलं. नाई का?" मग दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली, "बाई! ओ बाई!"

सेलीन धावत आली. तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि तिला विचारावं लागलं नाही. "बस करूया?" ती हळूच म्हणाली. "सीधा बोटीवर सोडते."

"किती जागा राहिल्या?"

"तीन."

"मंग दाखवा. अन् देखो म्हना. साऱ्यायले म्हनता ना, तसं मले बी म्हना."

त्याने सेलीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्यामागून गाडीपर्यंत गेला. पुढे, तिच्या शेजारी बसला. अपेक्षा मागच्या सीटवर एकटी बसली.

सेलीन बोलत राहिली. तिच्या आवाजातला उत्साह गेला होता, पण तिने एक शब्दही गाळला नाही. "राइट साइड देखो, डच लोगों का कब्रस्तान." फाटकाला कुलूप होतं. आत गवत वाढलेलं, दगड काळे पडलेले.

"किती माणसं हायत?" नितेशने विचारलं.

"सौ के ऊपर."

"कुलूप काहून?"

"कोण येणार? त्यांचं इथे कोणी राहिलं नाही."

मट्टनचेरीच्या गल्लीत गाडी शिरली तसा सुंठीचा आणि मिरीचा वास नाकात घुसला. नितेशला शिंका आल्या, एकामागून एक, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने रुमाल काढला आणि तो कितीतरी वेळ तोंडावरून हटवला नाही. सेलीनने गाडी एका गोदामापुढे थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. आत बायका ओळीने बसून सुंठ निवडत होत्या. त्यांचे हात, पदर, भुवया, सगळं पांढरं झालं होतं. त्यांतल्या एकीने मागच्या सीटवरच्या अपेक्षाकडे पाहिलं आणि ओळखीचं असावं तसं हसली. अपेक्षाला हसता आलं नाही. पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीकडे ती पाहत होती. ती पाठ थरथरत होती आणि तिला तिथे हात ठेवायची सोय नव्हती.

शेवटची जागा ज्यू लोकांचं देऊळ होती. जोडे बाहेर काढून आत जायचं. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा होत्या, हाताने रंगवलेल्या. "हजार से ज्यादा," सेलीन म्हणाली, "और एक के जैसी दूसरी नहीं. झाडं, नदी, पूल. हर एक अलग."

नितेश अनवाणी उभा होता. तो चार पावलं पुढे गेला, मग पाय घासत चार पावलं डावीकडे.

"पायाले तं साऱ्या सारख्याच लागतात," तो म्हणाला.

धक्क्यावर परत आल्यावर सेलीनने अपेक्षाचा हात दोन्ही हातांत धरला. काहीतरी बोलायचं तिच्या मनात होतं, पण बोट लागली आणि माणसं धावू लागली. "जा," ती म्हणाली. "जा, जा." बोट सुटली तेव्हा ती तिथेच उभी होती. मागे तिची गाडी उभी होती, आणि नवे कोणी पाहुणे तिला काहीतरी विचारत होते.

परतीच्या दीड दिवसात नितेश कामापुरतंच बोलला. पाणी. चहा. संडासाकडे. तिने हात धरला की तो धरू देई. न धरून जमणारच नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. विजयवाड्याला तिने त्याच्यासाठी केळी घेतली. त्याने एक खाल्लं आणि सालं हातात धरून बसून राहिला, कुठे टाकायची ते विचारायला नको म्हणून. तिने ती हळूच काढून घेतली.

वलगावच्या स्टँडवर पार्वताबाई गुड्डीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. एसटीतून उतरायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय म्हने बापू डाक्टर?" अपेक्षाचे पाय पायरीवरच अडखळले. पण उत्तर नितेशनेच दिलं.

"नाई म्हने माय. दोन्ही गेले. आता येत नाई म्हने."

पार्वताबाई गुड्डीसकट खाली बसल्या, तिथेच, धुळीत. त्यांनी रडायला सुरुवात केली तशी स्टँडवरची माणसं गोळा झाली. नितेशने वाकून चाचपत आईचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला. देवमन येऊन सगळ्यांना घरी घेऊन गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. पेरणी, डवरणी सगळं आता देवमन करील आणि अर्धं त्याचं, असं ठरलं. नितेश ओट्यावर बसून राही. कोणी भेटायला आलं की उठून आत जाई. अपेक्षाशी तो भांडत नसे. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याचं ताट वाढताना ती सांगायची, भाजी इकडं, भाकर इकडं, आणि तो "हूं" म्हणायचा. एकदा गुड्डी त्याच्यापुढे चित्रांचं पुस्तक घेऊन आली आणि "पाह्य ना, पाह्य ना" म्हणून हट्टाला पेटली. तो चिडून ओरडला. पोरगी भेदरून रडू लागली, आणि मग तोही रडला, सगळ्यांसमोर. पार्वताबाईंनी पोरीला उचलून शेजारी नेलं. अपेक्षा चुलीपुढून उठली नाही. तिला कोणत्या तोंडाने जवळ जावं ते कळत नव्हतं.

डिसेंबरात दुसऱ्या वेचणीला मजूर मिळेनात. बोंडअळीने अर्धी बोंडं खाल्ली होती. उरलेला कापूस लोंबून मातीत पडू लागला होता. एका सकाळी अपेक्षा कापूस वेचायचा ओटा, कापडाची झोळी, कमरेला बांधून निघाली, तेव्हा नितेश दारात उभा होता. त्याच्याही कमरेला धोतराचा ओटा होता, स्वतः बांधलेला, वाकडातिकडा.

"मले सरीवर उभं करून दे," तो म्हणाला.

तिने त्याला वावरात नेलं आणि एका तासावर, झाडांच्या ओळीवर, उभं केलं. स्वतः शेजारचा तास घेतला. त्याचे हात झाडावर फिरले, बोंड सापडलं, कापूस निघाला. सुरुवातीला काड्या टोचून बोटांतून रक्त आलं. पण वीसेक झाडं गेल्यावर त्याचा हात बसला. किडकं बोंड बोटाला लागलं की तो सोडून देत होता, तिच्याइतक्याच अचूकपणे. ओट्यातला कापूस फुगत चालला.

दुपार व्हायला आली होती. आजूबाजूच्या वावरात कोणी नव्हतं.

"त्या दिवशी तू म्हटलं नसतं तं मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो," नितेश अचानक बोलला. हात चालूच होता. "नाईतं तिसऱ्या. वारा तं तसाच होता साऱ्या आठवड्यात. पऱ्हाटी तेवढीच उंच होती."

अपेक्षाचा हात थांबला.

"पन म्हटलं तू," तो म्हणाला. "हे बी खरं हाय. ते मी विसरून जाईन असं नाई."

"नका विसरू," ती म्हणाली.

"अन् कोचीचं. ते तं बिलकुल नाई."

"हाव."

तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओट्यातल्या कापसात पडत होतं. तिने ते पुसलं नाही, आणि त्याला ते दिसण्याचा प्रश्न नव्हता. पण थोड्या वेळाने तो म्हणाला, "कापूस ओला करू नको," आणि पुढच्या झाडाकडे हात नेला.

तिचा तास आधी संपला. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पोचून तिने मागे पाहिलं. तो अजून अर्ध्यावर होता, झाडामागून झाड चाचपत, हळूहळू येत होता. तिने ओटा रिकामा केला आणि त्याच्याच तासाच्या या टोकाला वाकली. इकडून वेचत वेचत ती त्याच्याकडे निघाली.